उसवलेली लोकर

बोर्डीस थंडी ती किती! पौषात चार पहाटा सुरूच्या बनातून वारा बोचतो, इतकेच. तरी आमच्या ताईच्या सुया बारमास चालू. ओटीवर ती विणीत असते नि शेजारी आम्ही कथा लिहीत असतो. दोन्ही कामांचे नाते तसे जुनेच. ‘ग्रंथ’ हा शब्द मुळी गुंफण्यावरून आलेला. आणि येथील पारशी मंडळी कमरेस बांधतात त्या कुस्तीत लोकरीचे धागे ७२, कारण यस्नाचे अध्याय ७२!

गेल्या वर्षी आमची एक कथा शेवटाशी अडली. घर सोडून गेलेल्या मुलास बाप क्षमा करतो, ते काही केल्या खरे वाटेना. शेवट चारदा बदलला. ताई म्हणाली, “अरे, टाका चुकतो खाली, नक्षी बिघडते वर.” बोलता बोलता तिने आपले वीतभर काम उसवलेही. आम्ही मुकाट्याने पहिले पान काढले. बाप तेथे रागावलाच नव्हता. तो राग आमच्याच वडिलांचा. लिहिण्यास हात धजला नव्हता.

उसवलेली लोकर लागलीच विणता येत नाही. जुन्या टाक्यांच्या वळ्या ती धरून बसते. लडी करून धुवावी, ओझे टांगून वाळवावी, तेव्हा सरळ होते. आमची पाने महिनाभर फडताळात राहिली.

नव्या कथेत मुलगा परततो, बाप त्याचा जुना सदरा काढून देतो आणि तो मनगटांशी आखूड पडतो. ताईने एवढा भाग दोनदा वाचावयास लावला. तिचा नातू दोन वर्षांत बोर्डीस फिरकलेला नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वेटरच्या बाह्या दोन बोटे लांब धरल्या.