शेपूट उचल

आमच्याकडे १९९८ सालची जीप चेरोकी आहे. नात्यातल्या मंडळींनी तिला फोटोंमधे पाहिलंय, आणि इथे डेन्व्हरला येऊन गेलेल्या दोघातिघांनी तिच्या मागच्या सीटवर बसून देवाचा धावाही केलाय. दिसायला चौकोनी डबा. लहान मुलाला 'गाडी काढ' म्हटलं की ते कागदावर जी काढेल, तशी. हे मॉडेल अमेरिकन मोटर्सने १९८४ साली बाजारात आणलं, १९८७ साली क्रायस्लरने ती कंपनीच विकत घेतली, आणि तरी इथे २००१ पर्यंत ही गाडी जवळजवळ त्याच चेहऱ्याने विकली जात राहिली. चार लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत. ते मरत नाही अशी त्याची ख्याती आहे. माझंही मेलं नाही. गेला तो गिअरबॉक्स.

आधी रिव्हर्स टाकला की सेकंद-दोन सेकंद विचार करायची आणि मग दणका द्यायची. २०२४ च्या मार्चमधे तिसऱ्या गिअरला घसरायला लागली. चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी आपली निवांत! तेल काढून पाहिलं तर काळं, आणि करपलेल्या दुधासारखा वास. म्हणजे आतल्या प्लेटा जळाल्या.

गिअरबॉक्स उघडून आतलं काम करणं माझ्या कुवतीबाहेरचं. ते एका दुकानाला द्यायचं ठरलं. पण गाडीतून काढून परत बसवायची त्यांनी जी मजुरी सांगितली, त्यात दुसरी जुनी जीप आली असती. बायको म्हणाली, "भंगारात दे." लेक सोळाची, नुकतंच लायसन मिळालेलं. ती म्हणाली, "मग मी काय चालवू?" दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि काढणं-बसवणं आपणच घरी करायचं असं जाहीर केलं. बायकोने यावर काही न बोलता गॅरेजमधून आपली सायकल बाहेर काढून घेतली.

मे महिन्यात अण्णा आले. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिली खेप. वय पंचाहत्तर, एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, आणि अमेरिकेत करण्यासारखं काम शून्य.

अण्णा एसटीत मेकॅनिक होते, कराड डेपोला. कराडहून चिपळूणला जाणाऱ्या गाड्या कुंभार्ली घाट चढतात-उतरतात, त्यामुळे क्लच-प्लेटा हा आमच्या घरातला रोजचा विषय. जेवताना आई विचारायची, "आज किती प्लेटा?" पण मला डेपोत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. घरात पाना हातात घेतला तरी आवाज चढायचा, "हात काळे करायचेत का?" माझ्या सायकलचं पंक्चरसुद्धा ते रात्री ड्युटीवरून आल्यावर स्वतः काढायचे, मला दिवा धरायला उभं करायचे, तेही चार हात लांब. आई म्हणायची, त्यांना तू साहेब व्हायला हवा आहेस. पाने-रॅचेट मी हातात धरले ते इथे, तिशी उलटल्यावर, पुस्तकं आणि व्हिडिओ बघून.

गिअरबॉक्स काढायला मला तीन शनिवार-रविवार लागले. त्याचं फार वर्णन करत नाही, काढणं हे मुख्यतः शिव्या देणं असतं. चेरोकीत इंजिनाला गिअरबॉक्स धरून ठेवणारे वरचे दोन बोल्ट कुठेतरी छताच्या बाजूला असतात. त्यांचं डोकं षटकोनी नाही, उलट्या चांदणीसारखं आहे. मागून गिअरबॉक्सचं शेपूट खाली सोडायचं आणि हातभर लांब दांडा लावून, न बघता, चाचपत ते सोडवायचे. त्याआधी क्रँकचा सेन्सर काढून घ्यायचा, नाहीतर तो चिरडतो. ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद देणारा डबा, वेगळा उतरवायचा. असो.

या सगळ्या वेळात अण्णा गॅरेजच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. आत येत नव्हते, बोलतही नव्हते. पहिल्या दिवशी मी जॅक लावला तेव्हा फक्त म्हणाले, "घोड्या कुठायत?" इथे त्याला जॅकस्टँड म्हणतात. मी दाखवल्या, चार होत्या. ते उठले, प्रत्येक घोडीला पायाने लाथ मारून बघितली, गाडीला खांद्याने जोरात हलवून बघितलं. मग म्हणाले, "चाकं काढलीस ती पोटाखाली सार." चारही चाकं आडवी करून गाडीच्या खाली सरकवली तेव्हा परत खुर्चीवर.

जूनच्या अखेरीस दुरुस्त झालेला गिअरबॉक्स परत आला, आणि तो जमिनीवर उभा ठेवला त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा आत आले.

"क्लच कुठाय?"

ऑटोमॅटिकमधे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे आपल्या ओळखीचा क्लच नसतो. तिथे एक टॉर्क कन्व्हर्टर असतो. पातेल्यावर पातेलं उपडं घालून कडा जोडून टाकाव्यात तसा लोखंडी भोपळा, आत तेल गच्च भरलेलं. भोपळ्याचं कवच इंजिनाबरोबर फिरतं, त्याच्या पात्या तेल फेकतात, ते तेल समोरच्या दुसऱ्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतं, आणि त्या दुसऱ्या पात्या गिअरबॉक्सचा दांडा फिरवतात. म्हणून सिग्नलला गिअरमधे ठेवूनही इंजिन बंद पडत नाही. तेल सरकत राहतं.

"म्हणजे मधे नुसतं तेल?"

"नुसतं तेल. वेग आला की मग आतून एक पकड बसते, पण सुरुवातीला तेलच. क्लच-प्लेटा पुढे गिअरबॉक्सच्या आत आहेत, तीन-चार गड्ड्या. पायाऐवजी तेलाचा दाब त्यांना आवळतो."

अण्णांनी थोडा विचार केला. "म्हंजी प्लेटा हायतच. पाय तेवढा गेला."

मी हे समजावून घ्यायला इंग्रजी पुस्तकाची चाळीस पानं वाचली होती.

आता हा भोपळा गिअरबॉक्सच्या तोंडात बसवणं, हेच सगळ्या कामातलं खरं जोखमीचं काम. त्याच्या गळ्यात एकात एक असे दोन दांडे शिरतात, दोघांचे दाते जुळावे लागतात. आणि शेवटी गळ्याच्या टोकाच्या दोन खाचा तेलाच्या पंपात अडकाव्या लागतात. तीन टप्पे, म्हणून तीन वेळा 'खट्' व्हायला हवं. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. दोन टप्पे बसले तरी बाहेरून बसल्यासारखाच वाटतो. तसाच इंजिनाला भिडवून बोल्ट आवळले, तर बोल्टांच्या ताकदीने भोपळ्याचा गळा पंपावर दाबला जातो आणि पंप फुटतो. बोल्ट आवळताना काहीच कळत नाही. गाडी चालू केली की कळतं.

भोपळ्यात लिटरभर तेल ओतलं, गळ्याला तेल चोपडलं, दोघांनी मिळून वर ठेवला. पहिला खट् लगेच. फिरवत फिरवत दुसरा. तिसरा येईना. मी कान लावून फिरवतोय, ढकलतोय.

"दाबू नगंस. फिरीव नुस्ता." मग मला बाजूला करून त्यांनी दोन्ही तळवे भोपळ्यावर ठेवले. नुसते ठेवले, वजन न टाकता, आणि पिठाची चाळणी फिरवावी तसा हळूहळू फिरवत राहिले. दोन मिनिटं तरी गेली असतील. "हं," म्हणाले. मला काही ऐकू आलं नव्हतं. त्यांना तर येणं शक्यच नव्हतं. मी तोंडावर पट्टी आडवी धरून खोली मोजली, ती पुस्तकातल्या आकड्याशी जुळली. भोपळा पुढे सरकू नये म्हणून त्यांनी तारेने बांधून टाकला. तार पिळायची त्यांची पद्धत मला लगेच ओळखू आली. गावाकडे फाटकाला अजून तशीच पिळलेली आहे.

गिअरबॉक्स वर चढवायला खास जॅक लागतो, तो एका शेजाऱ्याकडून आणला. संध्याकाळपर्यंत तो इंजिनाच्या तोंडाशी गेला, तार सोडली, आणि करंगळीएवढी फट राहून अडला. हलवला, डुलवला, काही उपयोग नाही. बोल्ट मात्र पोचत होते. अशा वेळी हात शिवशिवतात हो. दोन बोल्ट लावून जरासं आवळलं तर येईलच की! तितक्यात अण्णांचा आवाज आला, "भाईर ये. आता न्हाई. उद्या उजेडात." सूर असा होता की मी निमूट बाहेर आलो.

जेवताना त्यांनी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

एसटीत लागायच्या आधी, सतराव्या वर्षी, ते एका खासगी गॅरेजात हेल्पर होते. त्यांच्याच वयाचा अजून एक पोरगा होता. ॲम्बॅसिडरचा गिअरबॉक्स काढायचा होता. जॅक उंचीला पुरेना म्हणून त्याच्याखाली वीट घातली होती. "त्यानं पाना मागितला. मी आणायला वळलो. वीट फुटली." पोरगा वाचला, पण उजवा हात राहिला नाही. "दुसऱ्या दिवशी मालकानं त्याच्या जागी मला घातलं."

लेकीला मराठी समजतं, पण काही शब्द निसटतात. ती हळूच म्हणाली, "वीट म्हणजे?" मी सांगितलं. ती जेवायची थांबली. अण्णांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, मीठ बेताचं आहे. विषय संपला.

हे आईला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. आता ती विचारायला नाही. रात्री बराच वेळ मी ती सायकल, तो दिवा आणि ते चार हात अंतर मनातल्या मनात मोजत पडलो होतो.

सकाळी सहाला अण्णा गॅरेजमधे हजर. बॅटरी घेऊन वाकायला त्यांना त्रास होत होता, म्हणून जमिनीवर पुठ्ठा टाकून सरळ आडवे झाले. मी नको म्हणायच्या आत अर्धे गाडीखाली. घोड्यांकडे एकदा पाहिलं, चाकांकडे पाहिलं, मग फटीत बॅटरी मारली. वर, खाली, दोन्ही बाजूंना.

"वरती फट जास्त हाय. खाली कमी. नाक वर धरलंय त्यानं. शेपूट उचल."

मागून मी जॅक तसूभर वर घेतला. "आनी." अजून तसूभर. "बास. आता ढकल." मी तळहाताने ढकललं. एखादा ड्रॉवर बंद व्हावा तसा गिअरबॉक्स आत गेला आणि इंजिनाला चारी बाजूंनी टेकला. बोल्टला अजून हातही लावला नव्हता. खालच्या झरोक्यातून भोपळा बोटाने फिरवून बघितला. मोकळा फिरत होता, म्हणजे पंपावर दाब नाही. आम्ही दोघं गाडीखाली शेजारी शेजारी पालथे-उताणे, आणि अण्णा म्हणाले, "चहा सांग."

पुढचं काम भराभर झालं. अण्णा पुढे उभे राहून मोठ्या रॅचेटने क्रँक थोडा थोडा फिरवायचे, मी खालून भोपळ्याचे बोल्ट एकेक करून आवळायचे. तेल थंड करणाऱ्या नळ्या रेडिएटरपर्यंत जातात, त्या धुऊन काढल्या, नाहीतर जुन्या गिअरबॉक्सचा जळका कचरा नव्यात जातो. तेल डेक्सरॉन जातीचं, लाल. जीपवर क्रायस्लरचं नाव आहे म्हणून लोक एटीएफ प्लस फोर ओततात, पण या गिअरबॉक्सला ते चालत नाही. तो मुळात जपानच्या आयसिनचा आहे, त्याची भावंडं टोयोटाच्या गाड्यांत सापडतात. हे तेल मोजायचं तेही इंजिन चालू ठेवून, तापल्यावर. बंद गाडीत मोजलं तर आकडा खोटा येतो. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. डिपस्टिक हातात घेऊन वास घेतला, दोन बोटांत तेल चोळून पाहिलं, आणि "असंल" म्हणाले.

रिव्हर्स टाकला. दणका नाही. गाडी अलगद मागे सरकली.

गल्लीच्या टोकापर्यंत लेकीने नेली, अण्णा शेजारी बसले, मला मागची सीट. पहिल्याचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा. अण्णांचा डावा पाय प्रत्येक वेळी, गिअर बदलताना, किंचित हलत होता. परत आल्यावर लेकीने आपल्याला चाक बदलायला शिकवायचं आबांकडे मागितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घोडी आणायला सांगितली.

ऑक्टोबरच्या शेवटी ते कराडला परत गेले. तेल थंड करणाऱ्या एका नळीच्या जोडाजवळ अजून थोडं पाझरतं, रात्रभरात दोन-तीन थेंब. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की प्रकृती-बिकृती नंतर, आधी मला फोन खाली नेऊन जमिनीवरचा पुठ्ठा दाखवावा लागतो.