कॉलेज निवडताना करार नको, काम विचारा



बारावीचा निकाल लागला की शेवगावात आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "सर, कुठल्या कॉलेजात घातलं म्हणजे पोराला नोकरी लागंल?" कॉलेजच्या माहितीपुस्तकात कंपन्यांशी केलेल्या करारांची यादी असते. ती पाहून पालक हरखतात. पण अशा करारातून नोकरी कशी मिळते, ते आधी समजून घेऊ या.

गुणपत्रिकेवरून कंपनीला गुण कळतात. मुलगा वेळेवर येतो का, चूक झाली तर सांगतो का, हे कळत नाही. तो तिथं काही दिवस राबला की ते दिसतं. मग जागा निघाली की ओळखीचा झालेला मुलगा आधी आठवतो. म्हणजे विद्यापीठ आणि उद्योग एकत्र आले म्हणून जागा वाढतातच असं नाही. त्या कोणाला मिळतात, हे बदलतं.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातल्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं आहे. चार क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तास. विद्यापीठ एकच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पण पुण्यातल्या मुलाला चाकण जवळ, आणि आपल्या मुलाला सुपे किंवा वाळूज गाठायचं तर खोलीभाडं आणि खानावळ आली. मुलीला तर घरूनच नकार मिळतो. मग ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणला जातो. क्रेडिट पदरात पडतं, पण काम करताना तिला कुणी पाहिलेलंच नसतं.

यावर उपाय आपल्या परिसरातही आहे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ब्रिक्स रोज मोजला जातो. रसायनशास्त्राच्या मुलीने गळीत हंगामात ते शिकावं. कॉमर्सच्या मुलाने पतसंस्थेत किंवा जिनिंगच्या हिशेबात बसावं. रोज आठ तास धरले तरी पंधरा दिवसांचंच काम आहे.

म्हणून पालकहो, प्रवेश घेताना तीन गोष्टी नक्की विचारा: मागच्या वर्षी मुलं प्रत्यक्ष कुठं गेली? तिथं त्यांना काम कोणी शिकवलं? आणि त्यातल्या किती जणांना पुढं तिथंच बोलावणं आलं?

शिक्षक मित्रांनो, गावातल्या कारखान्यात आणि पतसंस्थेत आपलेच माजी विद्यार्थी बसलेले आहेत. त्यांच्याकडे शब्द टाकायला कुठलाही करार लागत नाही.