धुरा सरकवताना

बरेच दिवसांनी लिहितोय. निमित्त तसं किरकोळ आहे. कॉम्प्युटरवरची जागा संपली!

माझ्याकडे एक जुना स्कॅनर आहे. त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोज एक्सपीवर चालतो. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, म्हणून ते मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, इंटरनेटला न जोडता, जिवंत ठेवलंय. वीस जीबीची डिस्क, सी आणि डी असे दोन भाग. डी मध्ये आबांच्या वह्यांचे स्कॅन. कोणत्या नक्षत्रात किती पाऊस पडला, कापूस किती निघाला, वेचणीला कोण होतं, सगळं त्यात. अर्ध्या वह्या नंतर वाळवीने खाल्ल्या. म्हणजे आता जे आहे ते तेवढंच.

तर झालं असं की, सी भरला आणि स्कॅनर पुढे हलेना. मी म्हटलं, डिस्क चाळीस जीबी करून टाकू. आधी जुना स्नॅपशॉट काढून मूळ डिस्कमध्ये मिसळला, कारण तो असला की मूळ फाइल वाढवून उपयोग होत नाही. मग मशीन बंद करून रिसाइझची कमांड दिली, आकडा एमबीत, ४०९६०. दोन सेकंदांत झालं!

चालू करून पाहतो तर सी तेवढाच. वावर वाढलं, पण सातबाऱ्यावर नोंद नाही. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबाराच हो. शिवाय नवी जागा आली सगळ्यात शेवटी, डीच्या पलीकडे. एक्सपीचं डिस्कपार्ट सी वाढवून देत नाही. म्हणून जीपार्टेडच्या सीडी इमेजवरून मशीन सुरू केलं. आता आधी एक्स्टेंडेड पार्टिशन शेवटपर्यंत ताणायचं, मग त्याच्या आतला डी उजवीकडे सरकवायचा, मग एक्स्टेंडेडची डावी बाजू आत घ्यायची, आणि मग कुठे सी वाढवायचा. यातलं डी सरकवणं सगळ्यात वाईट. तिथे नुसती रेघ हलत नाही, सगळा डेटा उचलून पुढे मांडला जातो. मध्येच वीज गेली तर संपलं. आणि अमरावतीचा मे महिना!

'अप्लाय' वर माउस नेला आणि नेमका अकोल्याहून काकांचा फोन.

"काय करू राह्यला बे? आबाच्या वहीत पाहून सांग, मृग कोरडा कोणत्या साली गेल्ता?"

२००३ च्या वाटणीनंतर काका आमच्याकडे फारसे बोलत नाहीत. धुऱ्यावरून बिनसलं होतं. मी म्हटलं, काका, आत्ता मशीन बंद आहे, डी सरकवतोय. सोप्या भाषेत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"अन् दुसरीकडे उतरवून ठेवलं काय?"

नव्हतं ठेवलं.

"मंग काहून घाई करून राह्यला? धुरा सरकवाच्या आधी कागद दोन्ही घरी पाहिजे. आपल्या वावरात तेच झालं नाही."

मी 'कॅन्सल' दाबलं. मशीन बंद करून अख्खी डिस्क फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी केली. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर भरलेला पाहून चारही पायऱ्या केल्या. डी सरकायला दीड तास लागला. काही गेलं नाही. एक्सपीने एकदा डिस्क तपासली आणि सुरू झालं. स्कॅन यापुढे शेअर्ड फोल्डरमधून थेट बाहेर ठेवतोय. ही अक्कल आधी असती तर डी मध्ये एवढा जीव अडकलाच नसता.

रविवारी अकोल्याला गेलो. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून विक्रम केला होता. आमच्या दोन घरांमधलं अंतर मात्र वीस वर्षांत कोणी भरलं नव्हतं. काकांना पेनड्राइव्ह दिला. ते चष्मा लावून बराच वेळ स्क्रीनवर आबांचं अक्षर बघत बसले.

मग म्हणाले, "१ जुलै १९९८ ले अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला. तवा वावरं कुठं हलली? रेघच हलली. आपण रेघेसाठी माणसं हलवली."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. काकूंनी चहा आणला. मृगाचं साल अजून शोधतोय, आता दोन घरी.

असो. तुमच्याकडे कुणाच्या वह्या असतील तर आधी दुसरी प्रत करा. जागा नंतर वाढवा.