बंदूक घरीच!

कळमनुरीला आबाकाकांकडे गेलं की इसापूर धरणाकाठी तंबू ठरलेलाच. यंदा पुढे पैनगंगा अभयारण्याचा बेत होता. चुलतभाऊ म्हणाला, ‘‘बिबट्या आला तर? आबांची बंदूक घेऊ, लायसन हाय की!’’ बॉस, लायसन आहे, पण आबांच्या नावावर, पीक राखणीसाठी! शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३१ आहेच: वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. राष्ट्रीय उद्यानातही तेच. अमेरिकेत मात्र २०१०पासून त्या-त्या राज्याचा कायदा परवानगी देत असेल, तर नॅशनल पार्कात बंदूक बाळगता येते. (तंबूत शेजारी कोण, याची धाकधूक वेगळीच!) आबा शांतपणे म्हणाले, ‘‘लायसन गेलं तर सोयाबीन कोण राखंल, तू?’’ भाऊ गुमान बॅटरीचे सेल शोधायला लागला.