वांद्र्याची बरणी, नाशिकचे तळघर

वांद्रे म्हटले की आमच्या पुण्याकडील नातलगांच्या डोळ्यांपुढे नटनट्यांचे बंगले, पाली टेकडीची चढण आणि फार तर मोतमाउलीच्या जत्रेतील मेणबत्त्या उभ्या राहतात. हिल रोडच्या मागील बाजूस रानवार नावाचे एक जुने गावठाण अद्याप जीव धरून आहे, हे सांगितले तर त्यांस खरे वाटत नाही. अरुंद गल्ल्या, लाकडी जिने, कौलारू छपरे, आणि आपल्याकडे जेथे तुळशीवृंदावन असावयाचे तेथे क्रूस! येथील मूळचे रहिवासी ईस्ट इंडियन. यांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले, आणि 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या समाजाने हे इंग्रजी नाव धारण केले. परंतु जुन्या घरांतून कानी पडते ती मराठीच.

आमचे बिऱ्हाड या गावठाणाच्या कडेस आले त्याला आता पंचवीस वर्षे होतील. शेजारच्या आंटींनी पहिल्याच नाताळात केकबरोबर एक गडद तांबडी बाटलीही पाठविली. केक मुलांनी संपविला. बाटली मात्र सासूबाईंनी दारातूनच परत केली, आणि वर 'आमच्यात चालत नाही' एवढे तीन शब्द. आंटींनी ते मनावर घेतले नाही. पुढील वर्षापासून बाटलीमसाल्याची बाटली येऊ लागली. बियरच्या काळ्या बाटलीत ठासून भरलेला तो मसाला सासूबाईंनी हसतमुखाने ठेवून घेतला. बाटली पूर्वी कशाची होती, हे विचारण्याची बुद्धी कोणास झाली नाही.

आंटींची ती तांबडी वाइन कशी होते, हे मी पुढे अनेक वर्षे पाहिले. काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू, थोडे यीस्ट आणि उकळून निवविलेले पाणी, एवढाच सरंजाम. चिनी मातीची थोरली बरणी, तोंडाला धुवट फडके, आणि लाकडी डावाने रोज एकदा ढवळणे. एकविसाव्या दिवशी गाळावयाचे, मग निवळू द्यावयाचे, आणि बाटल्या भरावयाच्या. बरणीस कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते. यीस्टचे सूक्ष्म जीव साखर खातात. तिचे मद्य होते आणि सोडावॉटरमध्ये असतो तोच कर्बवायू सुटतो. तो वायू फडक्यातून निघून गेला पाहिजे. एका वर्षी आंटींनी घाई केली, साखर पुरती जिरण्याआधीच बुचे ठोकली, आणि मध्यरात्री फळीवरील तीन बाटल्या एकामागून एक फुटल्या. भिंतीवरचा डाग कित्येक वर्षे गेला नाही.

म्हणूनच मी गेल्या फेब्रुवारीत नाशिकचे द्राक्षमळे पाहावयास निघाले तेव्हा आंटींनी एकच गोष्ट विचारून येण्यास सांगितली. "ते लोक मुद्दाम फेसाची वाइन करतात म्हणे. त्यांच्या बाटल्या फुटत नाहीत काय?"

सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने दादर सोडले. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीस आलो तो हवेत गारवा जाणवू लागला. नाशिकरोडहून मोटारीने गंगापूर धरणाच्या बाजूस गेलो. दोन्ही अंगांस तारांवर चढविलेले वेल, ओळीमागून ओळी, एखाद्या मुलीने पाटीवर रेघा आखाव्यात तशा सरळ. मळा दाखविणारा तरुण निफाडकडील शेतकऱ्याच्या घरचा होता. वडील खाण्याची द्राक्षे काढीत, हा मद्याची काढतो. त्याने सांगितले की युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे त्यास झोपच नाही. म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पावसाळा सरल्यावर गोडी बहाराची. तिकडे द्राक्षे उन्हाळ्यात वाढून शरदात तोडतात, आपल्याकडे ती जानेवारी ते मार्च या महिन्यांत, आणि तीही भल्या पहाटे, ऊन तापण्यापूर्वी.

फेसाच्या वाइनसाठी तर द्राक्ष आणखी लवकर तोडतात. त्यात साखर कमी व आंबटपणा अधिक असावा लागतो. येथे मला इंग्लंडची आठवण झाली. दक्षिण इंग्लंडात, ससेक्स आणि केंट या परगण्यांत, फ्रान्समधील शँपेन प्रांतासारखीच खडूची जमीन आहे. ससेक्समधील नायटिंबर येथे 1988 साली शँपेनच्याच जातींचे वेल लावले गेले, 1992 च्या हंगामात तेथील पहिली फेसाळ वाइन झाली, आणि आज त्या देशाच्या या मद्याची वाखाणणी फ्रेंच लोकही करतात. पण इंग्रज बागाइतदाराची चिंता ऊन पुरत नाही ही, आणि आमच्या निफाडकराची चिंता ऊन उतू जाते ही. एकाचे द्राक्ष पिकत नाही, दुसऱ्याचा आंबटपणा पाहता पाहता उडून जातो. फळ एकच, पण धास्ती अगदी उलटी!

तळघरात उतरलो तेव्हा अंगावर शाल घ्यावी लागली. तेथे आंटींच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. एकदा आंबवून तयार झालेल्या वाइनमध्ये पुन्हा मोजून साखर व यीस्ट घालतात, दर लिटरला सुमारे 24 ग्रॅम, आणि बाटली घट्ट बंद करितात. आता वायूस वाट नाही. तो मद्यातच जिरतो. आत सुमारे सहा वातावरणांचा दाब होतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्याच्या दुपटीहून अधिक. काच मात्र जाड, आणि बूड आत दाबलेले. पूर्वी तळघरातील मजूर तोंडावर लोखंडी मुखवटे घालीत, कारण बाटल्या फुटत आणि एकीच्या धक्क्याने दुसरी जाई. आपणा सर्वांस हे मद्य फ्रेंचांचे वाटते; परंतु वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याची रीत क्रिस्टोफर मेरेट या इंग्रजाने 1662 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. इंग्रजांची काच कोळशाच्या भट्टीत होत असे, म्हणून ती अधिक बळकट, आणि दाब सोसण्यास योग्य. आंटींच्या बाटल्या फुटल्या त्या काचेचा हा दोष, त्यांच्या हाताचा नव्हे, असे मी तेथेच ठरविले.

महिनोन्महिने बाटली अशी निजून राहते. मग तिला हळूहळू फिरवीत उलटी करितात, म्हणजे यीस्टचा गाळ मानेशी जमतो. जुन्या काळी हे हाताने, लाकडी फळ्यांच्या भोकांतून चाले. आता लोखंडी पिंजरा यंत्राने वळतो. शेवटी मान गोठवितात, झाकण काढतात, आणि गोठलेला गाळ फटकन उडून जातो. मी दचकून मागे सरले. तो तरुण हसला. जागा भरून काढून बूच आणि तारेची टोपी चढविली की झाले. शँपेन हे नाव मात्र त्या प्रांतापुरतेच राखलेले. इतरांनी ते लावू नये.

महाराष्ट्रात ही विद्या प्रथम नाशिकास नव्हे, जुन्नर तालुक्यातील नारायणगावास आली. शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात फ्रेंच जाणकारांच्या साह्याने तेथे फेसाळ वाइन काढली, आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती थेट इंग्लंडात विकली. पुढे ते घर कर्जात बुडाले. परंतु वाट पडली होती. 2000 साली नाशिकच्या सुला मळ्याची पहिली वाइन आली, 2001 साली राज्य सरकारने द्राक्षमद्यास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले, आणि 2013 साली शांदाँ हे फ्रेंच घराणे दिंडोरीची फेसाळ वाइन घेऊन बाजारात उतरले. या साऱ्यास आता परंपरा म्हणतात, पाहुणे येतात, छायाचित्रे काढितात. आंटींच्या आजेसासूपासूनच्या बरणीस मात्र हे नाव कोणी दिले नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून मद्य करणे गुन्हा ठरविले, तो कायदा आजही आहे, आणि नाताळची वाइन गल्लीत कुजबुजतच होते. मला हे न्यायाचे वाटत नाही. वाचकांस वेगळे वाटल्यास त्यांनी तसे खुशाल म्हणावे.

परत आल्यावर मी आंटींस सारे सांगितले. त्यांनी 24 ग्रॅमचा आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाल्या की आता शिकून काय उपयोग. घर पाडावयाचे ठरले आहे, नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणे, तेथे ना काळोखी कोठी ना फळी. नाताळ तर दहा महिन्यांवर. तेवढ्यापुरती बरणी तुमच्याकडे ठेवाल काय?

मी गप्प राहिले, कारण उत्तर माझे नव्हते. सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेण्याचा त्यांचा नेम गेल्या तीस वर्षांत चुकलेला नाही; त्यात धायटीच्या फुलांनी मनुका आंबवितात आणि मद्य आपोआप तयार होते, हे बाटलीवर छापलेले असते, पण ते त्यांस वाचून दाखविण्याचे धाडस मी कधी केले नव्हते. त्या रात्री केले. त्यांनी चष्मा लावून ती बारीक अक्षरे स्वतः पुन्हा वाचली, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"लोणच्याच्या कपाटात नको," अखेर त्या म्हणाल्या, "तेथे माझे सोवळ्याचे असते. माझ्या औषधांच्या फळीखाली जागा आहे. आणि ढवळावयास तिलाच येऊ दे रोज. आपल्या हातून बिघडावयाची."