आजीची काच

आमच्या माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत आजीचे एकच छायाचित्र उरले होते, आणि तेही कागदावरचे नव्हे. पावणेपाच बाय साडेसहा इंचांची ती एक काच. तिच्यावरील जिलेटिनच्या पातळ थरात आजी उलट्या छटांनी बसलेली होती : चेहरा काळा, केस पांढरे. कागदावरची प्रत वाळवीने कधीच खाल्ली होती. निवृत्त झाल्यावर ही काच आपण स्वतःच छापावी, असे माझ्या मनाने घेतले.

काच कागदाला भिडवून छापण्याची रीत जुनी व सोपी आहे. मी सायनोटाइप निवडला. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली ही निळ्या ठशाची पद्धत. नकाशांच्या ब्लू-प्रिंट याच कुळातल्या. लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदाला लावायचे, वाळवायचे, वर काच ठेवून उजेड दाखवायचा आणि साध्या पाण्यात धुवायचे. परंतु या कागदाला जागवणारा उजेड मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा, जांभळ्याच्या पलीकडचा असतो. जर्मनीत योहान रिटर यांना १८०१ साली तो सापडला, तोदेखील सिल्व्हर क्लोराइड काळे पडले म्हणून.

हे सारे मी वाचले होते. तरीही पावसाळ्यात ऊन नाही म्हणून मी पाचशे वॅटचा हॅलोजन दिवा लावला. खोली लख्ख उजळली. कागद मात्र पाऊण तासानंतरही जेमतेम बदलला. काच हात लावू नये इतकी तापली होती. चौकट उघडली तेव्हा तिच्या एका कोपऱ्यातील जिलेटिनचा थर सुटून वर आला होता. जो उजेड माझ्या डोळ्यांना भरपूर वाटला, त्याने फक्त उष्णता दिली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

भाच्याने त्या काचेचे छायाचित्र घेऊन प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदावर छापून आणले. “मामा, प्रयोग यावर करा. काच पेटीत राहू द्या.” एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती! पुढे त्यानेच एक ट्यूबही आणली. “पाकिटावर अतिनील लिहिलंय, मामा.” ती २०२० साली कोरोनाच्या साथीत विकल्या गेलेल्या जंतुनाशक ट्यूबपैकी निघाली, २५४ नॅनोमीटरची. तिचे किरण डोळ्यांना व कातडीला इजा करतात, आणि चौकटीची साधी काच ते अडवते. म्हणजे कागदाला लाभ काहीच नाही. मी ती लावू दिली नाही.

उपयोगी पडल्या त्या कीटक पकडण्याच्या यंत्रातल्या ट्यूब. त्यांचा उजेड ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा. काळ्या काचेच्या महाग ट्यूब घेण्याचे कारण नव्हते. तो काळेपणा दिसणारा उजेड अडवण्यापुरताच असतो. स्वस्त एलईडी बहुधा ३९५ च्या निघतात; त्यांच्यावरही काम होते, पण सावकाश. दोन फुटी सहा ट्यूब जवळजवळ बसवल्या, चोक पेटीच्या बाहेर ठेवले, एक छोटा पंखा लावला. वीस मिनिटांत प्लॅस्टिकवरून सुरेख निळा ठसा आला, आणि तोही भर श्रावणात.

काचेच्या बाबतीत मात्र या ट्यूबही कमी पडल्या असत्या. काच किंचित वाकलेली होती. घट्ट दाबली तर तडकणार. सैल ठेवली तर मध्ये फट राहणार. ट्यूबचा उजेड चहूबाजूंनी येतो, म्हणून फटीत रेषा पसरतात. सूर्याचा उजेड एका दिशेने येतो, त्यामुळे थोडी फट असली तरी रेष रेषच राहते. शिवाय ओलसर कागदाचे क्षार थरात उतरू नयेत म्हणून मध्ये पातळ प्लॅस्टिक घालायचे होते. तेव्हा ऊन हवे, पण तापवणारे नको. आणि हवा कोरडी हवी. मी डिसेंबरपर्यंत थांबलो. निरभ्र आकाशही सर्व बाजूंनी अतिनील किरण पाठवीत असते, म्हणून आतून काळा कागद लावलेल्या खोल पेटीच्या तळाशी चौकट ठेवली आणि पेटीचे तोंड सूर्याकडे केले. पंचवीस मिनिटे मी पेटी सूर्याबरोबर सरकवत राहिलो. मधूनमधून काचेला बोट लावून पाहत होतो. ती कोमट होती, त्याहून अधिक नाही.

पाण्यातून आजी वर आली ती निळी. जुन्या काचांना लाल रंग दिसत नसे. म्हणून तिचे लाल लुगडे सर्वांत गडद उमटले आहे. डाव्या कोपऱ्यात, जिथे थर सुटून गेला, तिथे लुगड्याइतकाच गडद असा एक डाग आहे. भाचा म्हणाला, तो भाग कापून चौकटीत बसवू. मी कापू दिला नाही. काच कागदात गुंडाळून पेटीत परत ठेवली आहे.