मातीचा रस्ता
सांगलीच्या पेठेत हळदीची अडत सांभाळणाऱ्या त्या दांपत्याने लग्नाला 35 वर्षे झाल्यावर प्रथमच चार दिवस पेढी मुलावर सोपविली. साताऱ्याहून कास पठारामार्गे त्यांची मोटारसायकल बामणोलीकडे उतरली. डांबर सुटून तांबड्या मातीची वाट लागली, तसा वेग ताशी 20 किलोमीटरवर आला. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, म्हणून चारलाच मुक्काम. प्रवासाला हा नेम मोठा सोयीचा!

पहिल्या दिवशी शेठजींनी हळदीचा भाव विचारण्यासाठी तीनदा गाडी थांबविली. दुसऱ्या दिवशी, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, फोनची रेंजच गेली. काही वेळ ते अस्वस्थ होते; मग झाडाखाली बसून पाण्याकडे पाहू लागले.

“अहो, थोडी मी चालवू?” पत्नीने विचारले. माहेरी त्या शेतावर वडिलांची राजदूत चालवीत. सासरी तो विषय कधी निघालाच नव्हता. शेठजींनी किल्ली पुढे केली व मागे बसले. हात कोठे ठेवावेत, हे त्यांना कळेना.

“पेठेत कोणी ऐकले तर?” ते पुटपुटले.

तोवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गेली होती.